‘असावा’ ते ‘होता’

लॅटिन ‘मोडस’ म्हणजे माप, रीत. त्यावरून आलेली ‘मोडॅलिटी’ ही संज्ञा वैद्यकात तपासणीची वा उपचाराची पद्धती दर्शविते. तर्कशास्त्रात मात्र ती एखादे विधान शक्य की अटळ, हा प्रश्न विचारते. ॲरिस्टॉटलने या प्रश्नाची मांडणी केली. कांटने १७८१ साली शक्यता, अस्तित्व आणि अनिवार्यता यांना बुद्धीच्या कोटींत स्थान दिले. १९५१ साली फोन राइट यांनी सत्य, ज्ञान आणि कर्तव्य यांविषयीची विधाने परस्परांपासून वेगळी काढली.

मराठी व्याकरणात या विचाराला जवळची संज्ञा ‘अर्थ’ ही होय : स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. त्यांपैकी विध्यर्थ कर्तव्यही सांगतो आणि तर्कही. ‘त्याने यावे’ यात अपेक्षा आहे, ‘तो आला असावा’ यात अनुमान.

वाङ्मयेतिहास वाचताना हा भेद आपण विसरतो. एखादा कवी अमुक शतकात ‘झाला असावा’, असे एक अभ्यासक लिहितो; दुसरा ‘झाला’ असे उतरवतो; विद्यार्थ्याच्या टिपणात ते निर्विवाद ठरते. पुरावा मात्र होता तेवढाच राहतो. म्हणून संदर्भ उतरवून घेताना आपण निदान क्रियापदाचा अर्थ तरी बदलू नये.