गेलेल्या आट्यांची कुळकथा

गिअरबॉक्समधून तेल गळायला लागलं की गाडीवाल्याचा संशय ऑइल सीलवर जातो, नाहीतर पॅकिंगवर. जाणता मिस्त्री आधी बोल्ट तपासतो. पान्हा लावल्यावर बोल्ट आवळत न जाता नुसताच फिरत राहिला, तर दुखणं कळलं: हाउसिंगमधले आटे गेलेत. आटे गेले की बोल्टची पकड सुटते, पॅकिंगवरचा दाब कमी होतो आणि त्या फटीतून तेल झिरपतं. वरून कितीही सिलिकॉन फासलं तरी तो दाब परत येत नाही.

यावरचा पक्का इलाज म्हणजे हेलिकॉइल. पत्त्यांतल्या चौकटच्या चिन्हासारखा छेद असलेल्या स्टेनलेस स्टीलच्या तारेचं, गेलेल्या आट्यांच्या जागी बसणारं हे छोटं वेटोळं. आज ते गॅरेजमधलं दुरुस्तीचं सामान वाटतं, पण त्याचं कूळ मोठं आहे आणि त्याला दोन शाखा आहेत.

पहिली शाखा प्रमाणित आट्यांची. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात बसत नसे. अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी अनेक कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांची सरासरी काढली आणि 1841 मध्ये 55 अंशांच्या आट्याचं प्रमाण मांडलं. 1864 मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी 60 अंशांचा आटा सुचवला. या दोन पद्धतींच्या भांडणाची किंमत दोस्तराष्ट्रांना दुसऱ्या महायुद्धात मोजावी लागली. शेवटी 1948 मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने एकच 60 अंशांचा आटा मान्य केला. आजचा मेट्रिक आटाही 60 अंशांचाच आहे. 8 मिलिमीटरच्या साध्या बोल्टचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, कुठेही 1.25 मिलिमीटर असतो, म्हणूनच त्याचं वेटोळं आधीच बनवून डबीत भरून विकता येतं.

दुसरी शाखा विमानांची. वजन वाचवण्यासाठी विमानांच्या इंजिनात अॅल्युमिनियम आलं. त्या मऊ धातूत पोलादी स्पार्क प्लग पुनःपुन्हा काढून बसवले की आटे झिजून जात. 1930च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत त्यावर तोडगा निघाला: अॅल्युमिनियमच्या भोकात पोलादी तारेचे आटे बसवायचे, म्हणजे झीज सोसायला कठीण धातू पुढे येतो.

जुन्या जीपगाड्यांचे गिअरबॉक्स बिडाचे. तिथे आटे गेले तर भोक मोठं करून जाड बोल्ट टाकायचा, नाहीतर लेथवर बुश करून ठोकायचा, ही रीत होती. पुढे गिअरबॉक्सचं हाउसिंग अॅल्युमिनियमचं झालं आणि विमानाचं औषध मोटारीलाही लागू पडलं. नाशिकमध्ये ही दोन्ही घराणी शेजारी नांदतात: ओझरला 1964 पासून हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विमान कारखाना, सातपूरला महिंद्राचा मोटार कारखाना.

काम दिसायला साधं, पण त्यात हयगय चालत नाही. 8 मिलिमीटरच्या बोल्टसाठी भोक साधारण 8.3 मिलिमीटरच्या ड्रिलने साफ करायचं. मग त्याच पिचचा पण मापाने मोठा असा खास टॅप मारायचा. टॅपच्या खाचांत ग्रीस भरायचं, म्हणजे कीस त्यातच अडकतो. हे टाळलं तर कीस आत जाऊन बेअरिंग खातो. कारण ड्रेन बोल्टवरचं चुंबक लोखंडाचा कीस धरतं, अॅल्युमिनियमचा नाही. मग भोक पुसून वेटोळं फिरवत आत न्यायचं आणि पृष्ठभागाच्या पाव ते अर्धा आटा खाली थांबवायचं. त्याच्या तळाला आडवी शेपटी असते. ती ठोक्याने तोडायची आणि चिमट्याने बाहेर काढून हातात घ्यायची. भोक आरपार असेल तर ती शेपटी गिअरमध्ये पडू शकते, म्हणून ती हाती लागल्याशिवाय झाकण लावू नये.

असा बसवलेला आटा मूळच्यापेक्षा कमजोर नसतो, उलट बऱ्याचदा जास्त मजबूत ठरतो. वेटोळ्याचा बाहेरचा व्यास मोठा, त्यामुळे अॅल्युमिनियमला धरणारं क्षेत्र वाढतं. तार किंचित लवचीक, त्यामुळे भार एका आट्यावर न येता सगळ्यांवर वाटला जातो. म्हणून तर विमानांच्या हलक्या धातूच्या भागांत, ते भाग नवीन असतानाच, हे वेटोळं बसवतात.

एवढ्या पिढ्यांच्या विचारातून आलेल्या कामाला ठिगळ म्हणणं हा त्या कारागिरीचा अपमान आहे. एका भोकासाठी अख्खं हाउसिंग बदलणं म्हणजे धातूचा आणि पैशाचा नास. सिलिकॉनचा थर चढवून गाडी परत देणं म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक. गाडी गळत असेल तर मिस्त्रीला स्पष्ट विचारा, "आटे तपासलेत का?" आणि त्याने हेलिकॉइल बसवून योग्य टॉर्कला बोल्ट आवळून दिला, तर त्याची मजुरी घासाघीस न करता द्या.