मोकळ्या वेळेची वर्गणी
(सैनिक-कल्याण निधीच्या अभ्यासाची प्रस्तावना)

युद्धात सैनिकाचा बराचसा वेळ लढण्यात जात नाही. तो वाट पाहण्यात जातो : गाडीची, हुकमाची, टपालाची, रजेची. बंदूक, गणवेश आणि शिधा सरकार देते. पण संध्याकाळी बसायला कोरडी जागा, चहाचा गरम पेला, घरी चार ओळी लिहायला कागद, वाचायला पुस्तक, लाथाडायला फुटबॉल हे कोणी द्यायचे? पहिल्या महायुद्धात अनेक देशांनी त्याचे उत्तर लोकवर्गणीत शोधले. ती वर्गणी कशी उभी राहिली, कोणाकडून आली आणि कोणाच्या हाती पडली, हा या अभ्यासाचा विषय.

सुरुवात अमेरिकेपासून करावी, कारण तिथे हा सगळा व्यवहार एका आठवड्यात एकवटलेला दिसतो. १९१६ मध्ये मेक्सिकोच्या सीमेवर अमेरिकी फौजा जमल्या होत्या. त्या छावण्या पाहायला युद्धमंत्री न्यूटन बेकर यांनी रेमंड फॉस्डिक यांना पाठवले. दारूचे गुत्ते आणि कुंटणखाने सोडले तर त्या पोरांना जायला दुसरी जागाच नव्हती, असे त्यांना आढळले. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली, तेव्हा छावणीतल्या मोकळ्या वेळेची व्यवस्था पाहण्यासाठी सरकारने एक आयोग नेमला आणि त्याची सूत्रे फॉस्डिक यांच्याकडेच दिली. प्रत्यक्ष काम मात्र खासगी संस्थांचे होते, आणि पैसाही त्यांनीच जमवायचा होता.

अशा सात संस्था होत्या. १९१८ च्या उन्हाळ्यापर्यंत बेत असा होता की वायएमसीए, वायडब्ल्यूसीए, ग्रंथपालांची अमेरिकन लायब्ररी असोसिएशन आणि वॉर कॅम्प कम्युनिटी सर्व्हिस यांनी नोव्हेंबरात झोळी फिरवावी, आणि कॅथलिकांची नॅशनल कॅथलिक वॉर कौन्सिल, ज्यूंचे ज्यूइश वेल्फेअर बोर्ड व साल्व्हेशन आर्मी यांनी पुढच्या जानेवारीत. ३ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी फॉस्डिक यांना पत्र लिहून सर्वांची मोहीम एकच करावी असे सांगितले. प्रॉटेस्टंट, कॅथलिक आणि ज्यू यांच्यात त्या काळी असलेला दुरावा ध्यानात घेतला, तर जमलेल्या रकमेपेक्षाही हा निर्णय मला मोठा वाटतो. उद्दिष्ट ठरले १७ कोटी ५ लाख डॉलरचे. त्यातले १० कोटी वायएमसीएचे, ३ कोटी कॅथलिकांचे, दीड-दीड कोटी वायडब्ल्यूसीए आणि कम्युनिटी सर्व्हिसचे. ज्यू मंडळ, ग्रंथपाल आणि साल्व्हेशन आर्मी यांच्या वाट्याला प्रत्येकी ३५ लाख. मोहिमेची सूत्रे वायएमसीएचे जॉन मॉट यांच्याकडे होती.

मोहीम सुरू व्हायची होती ११ नोव्हेंबर १९१८ रोजी. त्याच दिवशी युद्धविराम झाला. लोक रस्त्यावर नाचत होते. त्यात इन्फ्लुएंझाच्या साथीने अनेक गावांतल्या सभा बंद पाडल्या होत्या. संपलेल्या युद्धासाठी कोण पैसे देणार? संयोजकांनी दिलेले उत्तर अभ्यासकाने मुद्दाम वाचावे. त्यांचे म्हणणे असे : तोफा थांबल्या, पण सुमारे वीस लाख माणसे अजून फ्रान्समध्ये आहेत, त्यांना परत आणायला कित्येक महिने लागतील, आणि आता तर त्यांना करायला कामच उरले नाही. म्हणजे खरी गरज आजपासून आहे. लोकांना ते पटले. आठवडाभरात २० कोटी डॉलरहून अधिक रकमेची वचने मिळाली.

या यशाकडे नुसत्या कौतुकाने पाहून चालणार नाही. प्रत्येक राज्याला, जिल्ह्याला, गावाला वाटा ठरवून दिलेला होता. मुलामुलींसाठी ‘व्हिक्टरी बॉइज’ आणि ‘व्हिक्टरी गर्ल्स’ अशी पथके होती. त्यांनी स्वतःच्या कमाईतून पाच डॉलर द्यायचे होते. बर्फ उपसून, लाकडे फोडून मुलांनी ते कमावले, आणि त्यांचा उत्साह खरा होता. पण त्याच वर्षांत युद्धकर्ज आणि युद्धनिधी यांना नकार देणाऱ्यांची नावे जाहीर होत होती, काहींच्या घरांना पिवळा रंग फासला जात होता, जर्मन वंशाच्या शेतकऱ्यांवर दबाव येत होता. शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत दिलेली वर्गणी कितपत स्वखुशीची? गणेशोत्सवाचे पावतीपुस्तक दारात आलेले ज्याने पाहिले आहे, त्याला हा प्रश्न फारसा समजावून सांगावा लागत नाही.

माझा स्वतःचा आग्रह मात्र वेगळा आहे. या निधीचा इतिहास आजवर बहुधा जमवणाऱ्यांच्या बाजूने लिहिला गेला. तो घेणाऱ्याच्या बाजूने, म्हणजे काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या सैनिकाच्या बाजूने वाचायला हवा. तिथे आकड्यांचा क्रम उलटा होतो. १९१७ च्या शरद ऋतूत फ्रान्समधल्या मोंतिए गावाजवळ साल्व्हेशन आर्मीच्या हेलन पर्व्हियन्स आणि मार्गारेट शेल्डन यांनी पावसाने वैतागलेल्या सैनिकांसाठी काही गोडधोड करायचे ठरवले. हाताशी पीठ, साखर आणि चरबी एवढेच होते. लाटणे नव्हते म्हणून बाटलीने पीठ लाटले आणि लहानशा कढईत एका वेळी थोडे थोडे असे डोनट तळले. पहिल्या दिवशी जेमतेम दीडशे झाले, आणि बाहेर चिखलात रांग लागली होती. फ्रान्समध्ये या संस्थेची माणसे अडीचशेच्या आसपासच होती, तरी घरी परतलेल्या सैनिकांच्या तोंडी तिचेच नाव राहिले.

सर्वांत मोठा वाटा मिळालेल्या वायएमसीएवर मात्र तक्रारींचा पाऊस पडला. सेनापती पर्शिंग यांनी लष्कराची उपाहारगृहे चालवण्याचे काम तिच्या गळ्यात घातले होते; त्यामुळे तिला सिगारेट आणि चॉकलेट विकावे लागे. विकत घेतलेल्या पाकिटात ‘भेट’ अशी चिठ्ठी निघाल्याचे किस्से छावणीभर झाले. भेटीचा माल लष्करी कोठारातल्या विक्रीच्या मालात मिसळला होता, पण चिठ्ठी हाती आलेल्या माणसाला कोठाराशी काय देणेघेणे? देणगी आणि दुकान एकाच काउंटरवर आले की असे होते, आणि पुढच्या प्रत्येक युद्धातल्या निधीने हा धडा पुन्हा गिरवला आहे.

काउंटर सगळ्यांना सारखेही नव्हते. कृष्णवर्णीय सैनिकांसाठी तंबू वेगळे, सोयी तुटपुंज्या. दीड लाखांहून अधिक अशा सैनिकांमागे दीर्घकाळ कृष्णवर्णीय महिला कार्यकर्त्या होत्या फक्त तीन. त्यांपैकी ॲडी हंटन आणि कॅथरीन जॉन्सन यांनी १९२० मध्ये आपल्या अनुभवांचे पुस्तक लिहिले. या क्षेत्रात एकच मूळ साधन वाचायचे असेल तर ते वाचावे. ग्रंथपालांच्या कामाची कथा त्यामानाने सरळ आहे : काँग्रेस ग्रंथालयाचे प्रमुख हर्बर्ट पुटनम यांच्या देखरेखीखाली लाखो पुस्तके छावण्यांत गेली, आणि उरलेल्या संग्रहातून १९२० मध्ये पॅरिसमधले अमेरिकन ग्रंथालय उभे राहिले. ते आजही चालू आहे.

आता आपल्याकडे. १९१४ च्या शरदात हिंदी सैनिक मार्सेयला उतरले आणि लंडनमध्ये इंडियन सोल्जर्स फंड निघाला. उबदार कपड्यांपासून ब्रोकनहर्स्टच्या लेडी हार्डिंज रुग्णालयापर्यंतचा खर्च त्याने उचलला. ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनी इतर संस्थानिकांना बरोबर घेऊन ‘लॉयल्टी’ हे रुग्णालय-जहाज सज्ज केले. वायएमसीएला हिंदी छावण्यांत प्रवेश मिळाला तो धर्मप्रचार न करण्याच्या अटीवर. निरक्षर जवानांची पत्रे लिहून देणे हे तिचे तिथले महत्त्वाचे काम. सेन्सॉरने भाषांतरित केलेली अशी पत्रे डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ मध्ये संपादित केली. पण त्यांत मराठी आवाज विरळ आहे, कारण ती मुख्यतः फ्रान्सच्या आघाडीची आहेत आणि १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, कूटच्या वेढ्यात अडकल्या होत्या. तिथे भूक आणि आजार यांच्यापुढे मनोरंजनाची गोष्टच नव्हती.

देण्यामागच्या अटींचा वादही आपल्याकडे उघडपणे झाला. १० जून १९१८ रोजी मुंबईच्या टाउन हॉलमधल्या युद्धपरिषदेत युद्धाला मदत करण्याचा ठराव होता. टिळक त्याला स्वराज्याचा मुद्दा जोडू लागताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना थांबवले आणि टिळक सभा सोडून निघून गेले. अमेरिकेत नागरिक आपल्या सरकारच्या सैन्यासाठी देत होता. इथे परक्या सरकारच्या सैन्यात आपलीच मुले होती. दोन्ही ठिकाणच्या वर्गणीला एकच माप लावता येणार नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४९ पासून ७ डिसेंबर हा ध्वजदिन झाला. शर्टाला लावायचा तो लाल, गडद निळा आणि फिका निळा अशा रंगांचा लहानसा ध्वज बहुतेकांनी शाळेत पाहिलेला असतो. जिल्ह्याजिल्ह्याला आजही ध्वजदिन निधीच्या संकलनाचे उद्दिष्ट दिले जाते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये, माजी सैनिकांच्या मुलांची वसतिगृहे, वीरपत्नींचे अर्ज या सगळ्यांतून या निधीची वाट जाते. त्यावर मराठीत सलग अभ्यास व्हायला हवा.

साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतून पहिल्या महायुद्धात घरटी माणसे गेली. १९१४ ते १९१९ या काळात तिथपर्यंत कोणत्या निधीतले काय पोचले, कोणाच्या हातून पोचले, आणि न पोचलेले कुठे अडले, हे शोधायला संस्थानी दप्तरे, जिल्ह्याच्या जुन्या फायली आणि घरोघरच्या पत्र्याच्या पेट्या उघडाव्या लागतील. पेट्यांपासून सुरुवात करावी. दप्तरे अजून काही वर्षे टिकतील, पेट्यांतल्या कागदांना मात्र वाळवी लागली आहे.