बूटपॉलिश लावलेली अंडी

एप्रिल लागला की आमच्याकडे संध्याकाळच्या मालिका बंद आणि लॅपटॉपवर स्कॉटलंडमधल्या ऑस्प्रे या मासेखाऊ शिकारी पक्ष्याच्या घरट्याचं कॅमेऱ्यावरचं थेट प्रक्षेपण सुरू. नर मासा आणतो, पण मुंडकं बहुधा वाटेतच फस्त केलेलं. मादी तरीही निमूट घेते. आमच्या सौ. म्हणतात, हिनं जरा बोलायला हवं!

या बघ्यांच्या हौसेचं मूळ एका चोरीत आहे. बंदूकवाल्यांच्या आणि अंडी जमवणाऱ्यांच्या नादापायी ब्रिटनमधून हा पक्षी १९१६च्या सुमारास वीण करण्यापुरता नाहीसा झाला होता. १९५०च्या दशकात स्कॉटलंडमधल्या लॉख गार्टन तळ्याच्या काठी जोडी परतली. पक्षिप्रेमींनी ठावठिकाणा लपवला, रात्रीचा पहारा ठेवला. १९५८ साली अंधारात एक जण झाडावर चढलाच. खरी अंडी गेली. घरट्यात बूटपॉलिश फासलेली कोंबडीची अंडी! चोराच्या बुद्धीला दाद द्यावी की दोन ठेवून द्याव्यात, कळत नाही.

पहाऱ्यामागच्या पक्षिप्रेमींपैकी जॉर्ज वॉटरस्टन यांनी पुढच्याच वर्षी उलटा डाव टाकला. लपवाछपवी सोडून जगालाच बोलावलं. त्या उन्हाळ्यात हजारो लोक दुर्बिणीतून घरटं पाहून गेले, आणि तीन पिल्लं उडाली. एवढ्या डोळ्यांपुढे झाडावर चढणार कोण? मला तरी आजचा कॅमेरा त्याच पहाऱ्याचा नातू वाटतो. २०११मध्ये अमेरिकेतल्या डेकोरा गावच्या गरुडांचं घरटं तर कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं.

हिवाळ्यात आपल्याकडे उजनी धरणावर ऑस्प्रे दिसला की मित्र विचारतात, ‘तुमचाच का?’ नाही. स्कॉटलंडचे पक्षी थंडीला पश्चिम आफ्रिकेत जातात.