राशोलच्या पायऱ्यांवर

गोव्यास जाणारी आपली मंडळी संत फ्रान्सिस झेवियरच्या अवशेषांपुढे नतमस्तक होतात आणि परततात. या खेपेस मात्र धर्मग्रामातील भाविकांसह आम्ही साष्टीतील राशोलला गेलो. जुन्या किल्ल्याची वेस ओलांडली की टेकडीवर चर्च आणि सेमिनरीची भव्य वास्तू दिसते.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आले. सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये याच राशोलला, रोमन लिपीत, छापले गेले.

"ते पुस्तक इथं बघायला मिळेल का, फादर?" एका आजींनी विचारले. आम्हांस नाही म्हणावे लागले. १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज ज्ञात नाही. १६८४ च्या फर्मानाने तर पोर्तुगीज सत्तेने येथील लोकभाषेवरच घाव घातला. ज्या राज्यात हा ग्रंथ जन्मला त्यानेच त्याच्या वाचकांची जीभ बांधावी, हे आम्हांस आजही सलते.

ओव्या तरल्या त्या हस्तलिखितांमुळे. गोवा सोडून दक्षिण कानडात स्थिरावलेल्या ख्रिस्ती घराण्यांनी त्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. तशा पोथ्यांवरूनच १९०७ मध्ये मंगळुरास सालढाणा यांनी ग्रंथ पुन्हा छापून काढला. मधे अडीचशे वर्षे लोटली होती!

निघण्यापूर्वी चर्चच्या पायऱ्यांवर बसून आम्ही सोबत नेलेल्या प्रतीतून थोड्या ओव्या वाचल्या. तिसऱ्या ओवीला आजींनी जात्यावरची चाल धरली.