पालर पाणी : थरच्या वाळवंटातील घर, अंगण आणि आगोर

पाण्याचा इतिहास लिहायचा म्हटले की आपली लेखणी आपोआप राजाकडे वळते. विजापूरचा विषय निघाला की मुहम्मद आदिलशहाने 1651 मध्ये बांधलेला बेगम तलाव येतो, तोरवीहून शहरात आणलेले पाणी येते. तलावाला शिलालेख असतो, फर्मान असते, बखरीत एखादी ओळ असते. अंगणाला यातले काहीच नसते. त्यामुळे अंगणाने पाणी कसे धरले, याचा इतिहास सहसा कुणी लिहीत नाही. पण थरच्या वाळवंटात नेमका तोच इतिहास मोठा आहे. तिथे राजाने तलाव बांधले हे खरे, तरी माणूस जगला तो मुख्यतः आपल्या घराच्या आणि गावाच्या आवारात साठवलेल्या पाण्यावर.

मी दोन हिवाळे जैसलमेर आणि बाडमेरच्या बाजूला फिरलो. मूळचा इतिहासाचा मास्तर, त्यामुळे किल्ले आणि हवेल्या पाहायच्याच होत्या, त्या पाहिल्या. मन रमले ते मात्र ढाणीत. ढाणी म्हणजे शेतातली वस्ती, आपल्याकडच्या मळ्यातल्या वस्तीसारखी, फक्त मळा नसलेली.

पावसाचा आकडा आधी सांगतो, म्हणजे पुढचे सारे नीट कळेल. जैसलमेरला वर्षाकाठी 200 मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडतो. बेळगावात जुलैच्या एखाद्या जोरदार आठवड्यात पडतो तेवढा त्यांना बारा महिने पुरवायचा असतो. त्यातही तो दरवर्षी पडेलच असे नाही. जमिनीखालचे पाणी बहुतेक ठिकाणी खोल आणि खारे. अशा मुलखात माणसाने वस्तीच करू नये असे आपल्याला वाटते. आणि प्रत्यक्षात जगातल्या अत्यंत दाट वस्तीच्या वाळवंटांत थरची गणना होते.

तिथल्या लोकांनी पाण्याच्या तीन जाती मानल्या आहेत. आभाळातून पडलेले आणि जमिनीवरून वाहते असतानाच धरलेले ते पालर पाणी. खोल विहिरीतले ते पाताळ पाणी. आणि वाळूत मुरलेले, पण खालच्या खडीच्या थरामुळे पाताळातल्या खाऱ्या पाण्यात न मिसळलेले, ओलाव्याच्या रूपात अडकून राहिलेले ते रेजाणी पाणी. हे तिसरे पाणी काढायला माणूस जेमतेम मावेल एवढी अरुंद कुई खणतात. दिवसभरात दोनचार घागरी गोळा होतात, पण त्या गोड असतात. अनुपम मिश्र यांचे ‘राजस्थान की रजत बूंदें’ हे पुस्तक 1995 मध्ये निघाले, तेव्हा ही सारी शब्दसंपदा वाळवंटाबाहेरच्या वाचकांपर्यंत पोचली. ज्यांना हिंदी वाचता येते त्यांनी ते जरूर मिळवून वाचावे.

पालर पाण्याचे घर म्हणजे टांका. आपल्या गडांवरच्या टाक्याशी या शब्दाचे नाते उघड आहे, फरक एवढाच की आपले टाके कातळात खोदलेले आणि त्यांचा टांका वाळूत बांधलेला. गोल खड्डा, आतून चुन्याचा गिलावा, वर घुमटी किंवा झाकण, आणि भोवती आगोर. आगोर म्हणजे ज्या जमिनीवर पडलेले पाणी टांक्यात उतरते ती जमीन. ती टांक्याकडे हलका उतार देऊन चोपलेली असते. पाणी आत शिरते तिथे काटक्यांची जाळी, म्हणजे कचरा आणि सरपटणारे प्राणी बाहेर राहतात. जोधपूरजवळ राजा सूरसिंहाच्या काळात, 1607 मध्ये, बांधलेल्या टांक्याची नोंद सांगितली जाते. घरोघरच्या टांक्यांची नोंद अर्थातच कुठे नाही.

हिशेब साधा आहे. शंभर चौरस मीटर जमिनीवर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर दहा हजार लिटर पाणी होते. वाळू बरेचसे पिऊन टाकते, म्हणून आगोर मोठे लागते. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने (स्थापना 1959) या जुन्या टांक्याचाच सुधारलेला नमुना तयार केला. तीन मीटर व्यासाचा, तीन मीटर खोल, 21 हजार लिटरचा. सहा माणसांच्या कुटुंबाने पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज दहा लिटर घेतले, तर हे पाणी साडेतीनशे दिवस जाते. शास्त्रज्ञांनी गणित करून जो आकार काढला तो गावच्या गवंड्याच्या टांक्यापासून फार लांब नव्हता, हे मला विशेष वाटते.

बाडमेरकडच्या ज्या ढाणीत मी चार दिवस राहिलो तिथल्या दादीसांनी मला टांक्याजवळ नेले, ते चपला बाहेर काढायला लावून. आगोरात चपला घालून जायचे नाही, जनावर सोडायचे नाही, लहान मुलाला बसवायचे नाही. मी म्हटले, “दादीसा, हे देवळासारखेच झाले.” त्या म्हणाल्या, “देवळातला देव उपाशी राहिला तरी चालतो, बेटा. इथे आपण राहू.” पावसाच्या आधी घरच्या बायका आगोर झाडून लख्ख करतात. भांडी राखेने आणि वाळूने घासली जातात. माणूस खाटेवर बसून अंघोळ करतो, खाटेखाली परात असते आणि त्या परातीतले पाणी जनावरांना जाते. थेंबाला दोन-तीनदा कामाला लावल्याशिवाय सोडायचे नाही, हा तिथला संसार.

घरही त्याच हिशेबातले. झूंपा म्हणजे गोल, जाड मातीच्या भिंतींचे, खींप किंवा बाजरीच्या सरमडाने शाकारलेले घर. गोल भिंतीला वारा आणि वाळू धडकत नाही, वळसा घालून जाते. शेण-मातीने सारवलेले अंगण, त्याभोवती काट्यांची बाड, बाडेला लागून जनावरांचा गोठा, आणि पलीकडे शेत. शेतात खेजडी.

ही खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण आपट्याबरोबर जिची पूजा करतो, तीच. आपल्याकडे ती वर्षातून एक दिवस आठवते; तिथे ती बारा महिने घर चालवते. पाला शेळ्या-उंटांना, शेंगा म्हणजे सांगरी माणसांना, फांद्या चुलीला आणि बाडेला. तिची मुळे खोल जातात, जमिनीत नत्र धरतात, आणि तिच्या सावलीत बाजरी जळत नाही, उलट बरी येते. बाजरीत मूग, मोठ, गवार, तीळ, मतिरा नावाचे रानटी कलिंगड असे सगळे एकत्र. एक बुडाले तर दुसरे हाताशी. 1730 मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावी राजाची माणसे ही झाडे तोडायला आली तेव्हा अमृतादेवी आणि तिच्याबरोबर बिश्नोई समाजाच्या मिळून 363 माणसांनी झाडांना मिठी मारून प्राण दिले. ती गोष्ट आपण भक्तीची म्हणून सांगतो. ती भक्तीची आहेच, पण त्या झाडामागे शेळी, चूल आणि बाजरी उभी होती हे विसरले की गोष्टीतला अर्धा अर्थ जातो.

आता ज्याला पर्माकल्चर म्हणतात त्याची ओळख इथे करून देतो, कारण अलीकडे हा शब्द आपल्याकडच्या शहरी मंडळींच्या तोंडी फार आहे. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन या दोघांनी 1978 मध्ये ‘पर्माकल्चर वन’ हे पुस्तक काढले. टिकाऊ आणि शेती या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द जोडून हा शब्द केला. मांडणी अशी : घर मध्यभागी, त्याभोवती वर्तुळे. रोज हात लावायची भाजी घराशी, कोंबड्या-फळझाडे त्यापुढे, शेत त्यापुढे, आणि सर्वांत बाहेर माणसाने हात न लावलेले रान. पाणी वाहून जाऊ द्यायचे नाही, एका गोष्टीचा कचरा दुसरीचे अन्न व्हावे, एका वस्तूकडून दोनतीन कामे करून घ्यावीत. मॉलिसन 1987 च्या सुमारास हैदराबादेकडे येऊन शिकवून गेले, आणि बिदरपासून जवळच असलेल्या जहिराबाद भागात त्या धर्तीवर शेते उभी राहिली. 2017 मध्ये या लोकांचे आंतरराष्ट्रीय संमेलनही हैदराबादेत भरले.

पुस्तकातली वर्तुळे आणि दादीसांची ढाणी शेजारी ठेवून पाहिली तर आतली वर्तुळे हुबेहूब जुळतात. झूंपा, अंगण, गोठा, खेजडीचे शेत. बाहेरच्या वर्तुळांपाशी मात्र फरक पडतो. पुस्तक एका मालकाला त्याच्या स्वतःच्या तुकड्याची मांडणी शिकवते. रानसुद्धा त्याच्याच कुंपणातले. थरमध्ये शेताच्या पलीकडचे काहीच एकट्याचे नव्हते. गावच्या तळ्याचे आगोर गावाचे. ओरण, म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान, सगळ्यांचे. तिथे कुऱ्हाड चालत नसे, जनावरे मात्र चरत. ढाणीतली गाय त्या ओरणावर जगे, गायीच्या शेणाने अंगण सारवले जाई, आणि खत शेतात जाई. घराचे अंगण बाडेपाशी संपत नव्हते.

पालीवाल ब्राह्मणांनी जैसलमेरच्या आसपास पंधराव्या शतकापासून बांधलेल्या खडीन हेच मोठ्या मापात दाखवतात. खडकाळ माळाच्या पायथ्याला लांबच लांब मातीचा बांध घालायचा. माळावरचे पाणी बांधाच्या आत साचते आणि मुरते. उरलेले पाणी मोरीतून सोडून द्यायचे आणि त्या ओलीवर रब्बीचा गहू-हरभरा घ्यायचा. विहीर नाही, पाट नाही, वाळवंटात गहू! पण एक एकर खडीनला बारा-पंधरा एकर माळ लागतो. माळ गेला की खडीन म्हणजे नुसता खड्डा. या पालीवालांनी कुलधरासह चौऱ्याऐंशी गावे एका रात्रीत सोडली, दिवाण सालिमसिंगाच्या जाचाने, अशी कथा प्रत्येक वाटाड्या रंगवून सांगतो. एका रात्रीवर माझा विश्वास नाही. जबर करवसुली आणि आटत गेलेले पाणी यांनी गावे हळूहळू ओस पडली असावीत, हे मला अधिक पटते. भुतांच्या गोष्टींवर मात्र पर्यटन चालते.

हे सारे सुवर्णयुग होते असे समजू नये. विक्रम संवत 1956 चा, म्हणजे 1899-1900 चा, छप्पनिया दुष्काळ या टांक्यांना पेलला नाही. माणसे आणि गुरे अतोनात मेली. आमच्या विजापूर भागात 1876-78 ने जे केले तेच. टांक्यावर जात होती. कुणी घागर भरायची आणि कुणी ओंजळ पसरून उभे राहायचे हे ठरलेले होते. आणि काटकसरीचे कौतुक करताना घागरी कुणाच्या डोक्यावर होत्या हे सांगायला हवे. नळ आला तेव्हा त्या बायका सुखावल्या, यात आश्चर्य कसले?

1958 मध्ये पायाभरणी झालेला राजस्थान कालवा, पुढे इंदिरा गांधी कालवा, 1987 मध्ये जैसलमेर जिल्ह्यात पोचला. पंजाबातल्या हरीकेहून निघालेले हिमालयाचे पाणी वाळवंटात आले. गहू, मोहरी, कापूस आला. काही भागांत पाणथळ आणि खारवटही आली. त्याआधी आणखी एक पाहुणा येऊन बसला होता. 1940 मध्ये जोधपूर दरबाराने ज्या झाडाला शाही झाड म्हणून गौरवले ती विलायती बाभूळ. आपण तिला वेडी बाभूळ म्हणतो, आपले कन्नड शेजारी बळ्ळारी जाळी म्हणतात. दोन्ही भाषांत तिच्याबद्दल कुणी चांगले बोलत नाही. ओरणात आणि आगोरात ती घुसली, आणि तिच्याखाली गवत वाढेना.

नळाने टांका बाद केला नाही, त्याचे आगोर बाद केले. रोजगार हमीच्या कायद्यानंतर बाडमेरमध्ये पक्के टांके पुष्कळ बांधले गेले. त्यांतले कितीतरी मी पाहिले, त्यांत टँकर रिकामा होत होता. टाकी तीच, पण आभाळाशी संबंध तुटलेला. वर्षातून एकदा दुरुस्तीसाठी कालवा बंद ठेवतात, नहरबंदी म्हणतात तिला. त्या दिवसांत जुन्या टांक्यांची झाकणे पुन्हा उघडतात.

उलट प्रकार अमेरिकेतल्या टक्सन शहरात घडला. ॲरिझोनाच्या वाळवंटातले हे शहर. पाऊस जैसलमेरहून बरा, पण पाणी शेकडो मैलांवरून कोलोरॅडो नदीचे. तिथे ब्रॅड लँकेस्टर या लेखकाने 1990 च्या दशकात आपल्या घराबाहेर रस्त्याच्या कडेचा दगडी काठ कापून रस्त्यावरचे पाणी झाडांच्या आळ्यांत वळवले. तेव्हा ते बेकायदा होते. पुढे शहराने ते नियमात बसवले, आणि गल्लीत खेजडीच्या गोतातली मेस्किटची झाडे उभी राहिली. आपल्या भाषेत सांगायचे तर त्याने म्युनिसिपालिटीच्या रस्त्याचे आगोर केले.

थरमध्ये मात्र आगोर कागदावर कधी नीट उतरलेच नाही. महसुली दप्तरात ओरण आणि माळ यांची नोंद बऱ्याच ठिकाणी पडीक अशी झाली. आपल्याकडच्या गायरानाचे, कन्नडातल्या गोमाळाचे, काय होते ते सीमाभागातल्या वाचकांना मी सांगायला नको. पडीक म्हटले की ती जमीन कुणालाही देता येते. आता तिथे सौरऊर्जेची शेते उभी राहत आहेत. भाडला येथील एकाच प्रकल्पाची क्षमता 2,245 मेगावॉट आहे. सूर्याची वीज वाईट असे कोण म्हणेल? पण तारेचे कुंपण माळावर पडले की माळावरचे पाणी खालच्या खडीनपर्यंत पोचत नाही, आणि गाय ओरणापर्यंत. जैसलमेरच्या गावकऱ्यांनी आपल्या ओरणांची नोंद व्हावी म्हणून पायी यात्रा काढल्या, कज्जे केले. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारला अशा देवरानांची गावोगाव मोजणी करून ती वन म्हणून नोंदवण्यास सांगितले. मोजणीदार आले की पहिला प्रश्न निघतो तो हद्दीचा : ओरण कुठे संपते? गावातले म्हातारे हात लांब करून जिथून पावसाचे पाणी येते तो माळ दाखवतात.