400 वर्षं जुनं इटालियन चित्र चंद्रपूरला आणायचं तर काय लागतं?

इटालियन चित्रकार कॅराव्हॅज्जोच्या नावावर असलेलं 1606 सालचं 'मॅग्डलीन इन एक्स्टसी' हे चित्र 2025 मध्ये भारतात आलं. आधी दिल्लीत किरण नाडर म्युझियममध्ये, मग बेंगळुरूत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात ते लोकांनी पाहिलं. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या बहुतेकांना ते मोबाईलवरच दिसलं. असं चित्र नेमकं कुठे जाणार, हे कसं ठरतं?

चित्र 'उसनं' येतं म्हणजे काय?

चित्राची विक्री होत नाही. मालक किंवा संग्रहालय ठरावीक मुदतीसाठी ते देतं आणि मुदत संपली की ते परत जातं. त्यासाठी करार होतो. मूळ भिंतीवरून उतरवल्यापासून परत तिथेच टांगेपर्यंतच्या प्रत्येक टप्प्याचा विमा असतो. इटलीच्या कायद्यानुसार प्रवासात इजा होऊ शकेल अशी कलाकृती देशाबाहेर पाठवता येत नाही. संग्रहालयाच्या मुख्य संग्रहाचा कणा असलेल्या कलाकृतींनाही बाहेर जाण्याची परवानगी नाही.

सगळ्यात मोठी अट कोणती?

हवा. पावसाळ्यात घराचं लाकडी दार फुगून अडकतं आणि उन्हाळ्यात पुन्हा मोकळं होतं, हा अनुभव सागवानाच्या या मुलखातही आहेच. इटलीतली बरीच जुनी चित्रं पॉप्लर झाडाच्या फळ्यांवर काढलेली आहेत. फळी फुगते, आकसते, पण तिच्यावरचा रंगाचा थर तितका ताणला जात नाही. मग त्याला भेगा पडतात आणि पापुद्रे सुटतात. पुढे कॅनव्हास आला, पण तोही दमटपणाने सैल-घट्ट होतोच.

म्हणून जगातल्या मोठ्या संग्रहालयांनी एक मर्यादा मान्य केली आहे. साधारणपणे आर्द्रता 40 ते 60 टक्के आणि तापमान 16 ते 25 अंश हवं. 24 तासांत आर्द्रतेत 10 टक्क्यांहून जास्त चढउतार नको. चंद्रपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो आणि महिन्याभरात पावसाळी दमटपणा सुरू होतो. म्हणजे इथे एसी लावणं पुरेसं नाही. दालनाची हवा रात्रंदिवस एकसारखी राहायला हवी आणि वीज गेली तरी यंत्रणा बंद पडता कामा नये.

आणखी काय तपासलं जातं?

चित्र देणारी संस्था आधी दालनाची सविस्तर माहिती मागवते. त्यात आग विझवण्याची सोय, पहारा, कॅमेरे, दाराची रुंदी आणि दिव्यांचा प्रकाश अशा गोष्टी येतात. तैलचित्रासाठी प्रकाश साधारण 200 लक्सपर्यंतच ठेवतात. चित्र खास बनवलेल्या पेटीतून येतं आणि त्याच्यासोबत जबाबदार माणूस असतो. पोहोचल्यावर पेटी साधारण 24 तास उघडत नाहीत, कारण आतली हवा हळूहळू बाहेरच्या हवेशी जुळावी लागते. मग चित्राची इंच न् इंच तपासणी होऊन लेखी नोंद होते. परत जाताना हेच पुन्हा केलं जातं.

विदर्भात असं काही आलंय का?

चित्र नाही, पण वाघनखं आली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने ती महाराष्ट्राला तीन वर्षांसाठी दिली. ऑक्टोबर 2023 मध्ये लंडनला झालेल्या या कराराच्या वेळी सांस्कृतिक कार्य मंत्री होते बल्लारपूरचे आमदार सुधीर मुनगंटीवार. जुलै 2024 मध्ये वाघनखं साताऱ्यात आणि फेब्रुवारी 2025 मध्ये नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजब बंगल्यात, पोहोचली. पोलाद लाकडासारखं फुगत नाही, त्यामुळे त्याचा प्रवास तुलनेने सोपा असतो. तरी सुरक्षा, विमा आणि परतीची तारीख या अटी त्यालाही असतात.

मग जिल्ह्याने काय करायचं?

मोठी इमारत ही पहिली गरज नाही. एकसारखी हवा असलेलं एक दालन, प्रशिक्षित माणसं आणि वर्षभराच्या हवेची नोंदवही एवढ्यापासून सुरुवात होते. अशी नोंद असेल तर देणाऱ्यापुढे काहीतरी ठेवता येतं. शिवाय अशा दालनाचा उपयोग फक्त पाहुण्या चित्रांना होणार नाही. आपल्याकडच्या जुन्या पोथ्या, कापड आणि लाकडी वस्तूही याच उन्हाने आणि दमटपणाने खराब होतात.

तोवर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा बंधूंच्या संग्रहातली युरोपीय चित्रं आहेत. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी उभारलेलं चित्रदालन आहे. ही चित्रं कायमची इथलीच आहेत. उसनं आलेलं चित्र मात्र ठरावीक काळच थांबतं, म्हणून तारीख पाहूनच बल्लारशाहहून गाडी पकडा.