धुई, दंव आणि करपा

आमच्या निफाड तालुक्यात कांदा हे नुसते पीक नव्हे. मुलीचे लग्न, सोसायटीचे देणे, पोरांची फी, सारे त्याच्या भावावर ठरते. म्हणून पातीवर जांभळा डाग दिसला की घरातले बोलणे कमी होते. 'धुई पडली, पात करपली,' एवढेच कोणी म्हणतो. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे.

हवेला दोष देणारे आम्हीच पहिले नव्हेत. १८४५ साली आयर्लंडात बटाट्याची पाने काळी पडू लागली. पुढच्या काही वर्षांच्या दुष्काळात तेथे सुमारे दहा लाख माणसे मेली. तेव्हा भलेभले विद्वानही ओल्या हवेकडेच बोट दाखवीत होते. पानावरची बुरशी हा त्यांच्या मते रोगाचा परिणाम होता. ती परिणाम नसून कारण आहे, हे जर्मनीच्या आंतोन द बारी यांनी १८६१ मध्ये प्रयोगाने सिद्ध केले. कांद्यावरील जांभळ्या करप्याच्या बुरशीची नोंद एलिस या अमेरिकन संशोधकाने १८७९ मध्ये केली. आपल्याकडे उप्पल, पटेल आणि कामत यांनी मुंबई इलाख्यातील बुरशींवरचा ग्रंथ १९३५ मध्ये सिद्ध केला.

तरीही धुईला दोष देणारा आमचा शेतकरी अगदीच चुकत नव्हता. बुरशीचे बीजाणू रुजायला पातीवर काही तास ओल टिकावी लागते. ती धुके आणि दंव पुरवतात. मग बुरशी पानाच्या रंध्रांतून, किंवा फुलकिड्यांनी केलेल्या जखमांतून आत शिरते. तिच्या विषाने पेशी मरतात, हिरवा रंग जातो, अन्न तयार होणे मंदावते. डागापाशी पात मोडून पडते.

आता कांदा म्हणजे तरी काय? पानांची फुगलेली बुडेच ती. पातीत तयार झालेले अन्न खाली उतरते, तेव्हा कांदा पोसतो. ऐन पोसण्याच्या दिवसांत पात गेली, तर पाणी, खत, मजुरी सारे देऊनही तो लहानच राहतो. लासलगावच्या लिलावात तोच माल मागे पडतो.

धुई आपल्या हातात नाही. पण ही बुरशी वाळलेल्या रोगट पातीत तग धरते, आणि ती पात आपणच बांधावर टाकून देतो. ती गोळा करून नष्ट करणे आणि त्याच वावरात पुन्हा पुन्हा कांदा न घेणे, एवढे तरी आपल्या हातात आहे.